घरातला ससा आणि हिरवी माशी

मराठीतली काही क्रियापदे मोठी साळसूद आहेत. पाऊस पडतो, थंडी पडते, स्वप्न पडते, दुष्काळ पडतो आणि जखमेत किडेही पडतात. पाडणारा कोण, हे ‘पडणे’ या क्रियापदाला विचारण्याची सोयच नाही. पावसाच्या आणि स्वप्नाच्या बाबतीत त्यावाचून कोणाचे अडत नाही. किड्यांच्या बाबतीत मात्र अडते. कारण किडे आभाळातून पडत नाहीत. एक माशी येते, अंडी घालते आणि निघून जाते. ती येऊन गेल्यापासून किडे दिसेपर्यंत जो अर्धा-एक दिवस जातो, तेवढाच काय तो आपल्या हातातला वेळ. आमच्या भाषेने नेमका तोच वेळ गिळून टाकला आहे!

वर्गात व्याकरण शिकवताना हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. तो आणून दिला एका सशाने.

आजींचा प्रश्न

आमचे फोंडाघाट म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. घाट चढून गेलात की दाजीपूरचे गव्यांचे जंगल आणि पुढे राधानगरी, कोल्हापूर. उतरून गेलात की कणकवली. डोंगराच्या कुशीत असल्यामुळे पाऊस असा कोसळतो की आषाढ-श्रावणात अंगणातली फरशी हिरवी होते आणि दांडीवरचे धोतर तीन-तीन दिवस वाळत नाही. अशाच गेल्या वर्षीच्या श्रावणात आमच्या शेजारच्या आजींनी कुंपणापलीकडून हाक मारली, “सरांनू, जरा येवा हो. सशान कालपासून कायच खाल्ल्यान नाय.”

ससा त्यांच्या नातवाचा. मुलाचे वडील मुंबईला नोकरीला. पोरगा आजीजवळ शाळेत. मे महिन्यात वडिलांनी आणून दिलेला हा पांढरा, लाल डोळ्यांचा ससा म्हणजे त्या मुलाचा जीव की प्राण. नाव ‘कापशा’. माजघरात एका लाकडी खोक्यात त्याचा मुक्काम. बाहेर कुत्री, मांजरे, पाऊस. म्हणून त्याला उंबऱ्याबाहेर काढायचे नाही असा घरचा दंडक. लाडाने पोळी, भात, बिस्किटे मिळत. तीन महिन्यांत कापशा चांगला गुबगुबीत झाला होता.

मी गेलो तेव्हा तो कोपऱ्यात तोंड घालून बसला होता. उचलून उलटा केला मात्र, आणि घाण वास आला. शेपटीखालचे केस ओले, चिकट. आणि त्या केसांच्या आत वळवळ चाललेली. पोराने ती पाहिली आणि तो मागच्या दाराने बाहेर पळाला. टॉवेलात गुंडाळून, रिक्षा करून आम्ही कणकवली गाठली. डॉक्टरांनी केस कापले, चिमट्याने तासभर एकेक किडा वेचला, इंजेक्शने दिली. परंतु कातडीखाली पोखरण झाली होती. त्या रात्रीच कापशा गेला.

डॉक्टरांनी जाताना एकच गोष्ट विचारली होती, “याला उलटा करून शेवटचे कधी पाहिले होते?” आमच्यापैकी कोणाजवळच उत्तर नव्हते. आणि परतीच्या वाटेवर आजींनी मला विचारले, “घरातल्या सशाक किडे पडतत कसे, सरांनू? ह्यो तर कधी भायर गेलो नाय.”

प्रश्न अगदी बिनतोड होता. पुढले काही महिने मी डॉक्टरांशी बोललो, पुस्तके चाळली, माशा न्याहाळल्या. प्रस्तुत लेख म्हणजे आजींच्या त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

सुश्रुताला ठाऊक होते

प्राचीनांनी प्राण्यांची विभागणी जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज अशी केली. घामातून, ओलीतून, उबेतून आपोआप उपजणारे ते स्वेदज. उवा, किडे, डांस या वर्गात ढकलले गेले. युरोपातही कुजक्या मांसातून किडे आपोआप निपजतात, अशी समजूत शतकानुशतके होती.

ती खोटी ठरवली फ्रान्चेस्को रेदी या इटालियन वैद्याने. १६६८ साली त्याने आपले प्रयोग प्रसिद्ध केले. काही बरण्यांत मांस आणि मासळी घालून त्याने त्या उघड्या ठेवल्या, काही बंद केल्या आणि काहींच्या तोंडाला बारीक जाळीचे कापड बांधले. उघड्या बरण्यांत किडे झाले. जाळीच्या बरण्यांत हवा जात होती, वास बाहेर येत होता, माशा भोवती घोंघावत होत्या; पण आत मांसावर किडा झाला नाही. एका कापडाच्या तुकड्याने एवढा जुना वाद मिटवला!

गंमत अशी की आमच्या सुश्रुताने ही गोष्ट फार पूर्वी, आणि तीही जिवंत जखमेविषयी, सांगून ठेवली आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात, माशा व्रणावर येऊन कृमी टाकतात आणि ते कृमी मांस खाऊ लागले की दारुण सूज येते, असे स्पष्ट वर्णन आहे. व्रण धुण्याची औषधे त्याने दिली आहेतच; शिवाय व्रणावर मांसाचा तुकडा ठेवून कृमींना बाहेर काढण्याची युक्तीही सांगितली आहे. म्हणजे शास्त्राला कर्ता माहीत होता. बोलीने मात्र ‘पडले’ म्हणून त्याला मोकळे सोडले.

हा कर्ता आपल्या रोजच्या ओळखीतलाच आहे. ताटाभोवती घोंघावणारी करडी घरमाशी आपल्या पायांवरून घाण आणि रोगजंतू वाहून आणते. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत तिच्या अंड्याची पुन्हा माशी होते. परंतु सशाची खरी वैरीण ती नव्हे. मासळीच्या घाणीवर, मेलेल्या उंदरावर बसणारी हिरवी किंवा निळी चकचकीत माशी आपण पाहतो ना, ती आणि तिची भावंडे. त्यांतल्या काही जाती कुजलेल्यावर भागवतात, काही ओल्या-घाणेरड्या केसांवरही अंडी घालतात, आणि एक जात तर जिवंत प्राण्याच्या जखमेवाचून दुसरीकडे अंडी घालीतच नाही. ही शेवटची आपल्या देशातल्या गुराढोरांना चांगलीच परिचित आहे. एक मादी एका वेळी शंभर-दोनशे अंडी सहज घालते. आपल्याकडच्या दमट उबेत ती बारा ते चोवीस तासांत फुटतात. कोवळ्या कातडीच्या सशाला पुढचा एखाद-दुसरा दिवस प्राणघातक ठरतो.

सशालाच का?

मांजर दिवसभर अंग चाटते, कुत्रा शेपटीने माशा हाकलतो, गाय कातडी थरथरवते. सशाला यातले फारसे जमत नाही. शेपूट बोटभर, केस दाट, कातडी कागदासारखी पातळ. त्यातून त्याच्या पोटाची रचना मोठी चमत्कारिक. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक कोरडी, गोल, आपण झाडून काढतो ती. दुसरी मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या घोसासारखी. ही दुसरी तो थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खाऊन टाकतो. ऐकायला किळस वाटते, परंतु त्यातूनच त्याला जीवनसत्त्वे आणि प्रथिने मिळतात. गाय जशी रवंथ करते, तसाच हा सशाचा एक प्रकारचा रवंथ समजावा.

आता पाहा. ससा लठ्ठ झाला तर त्याचे तोंड तिथवर पोचत नाही. म्हातारा झाला, सांधे धरले, तरी पोचत नाही. दात वाढले असतील तर त्याला खाता येत नाही. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावून-चावूनच ते झिजतात. आणि पोळी, भात, बिस्किटे, गूळ असले पिठूळ-गोड खाणे झाले, तर ती मऊ लेंडी जास्तच पातळ आणि चिकट होते. ती केसांना लागते. त्यावर लघवीची ओल. कातडी हुळहुळते, चिघळते. माशीला याहून चांगले आमंत्रण कोणते?

कापशाच्या बाबतीत नेमके हेच झाले होते. माशी त्याच्याकडे ससा म्हणून आली नाही. ओल आणि वास यांच्या मागावर आली. आणि वासाला उंबरठा नसतो.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे. आपल्या रानात दिसणारा ससा आणि हा पाळीव ससा, नाव एक असले तरी प्राणी वेगळे. रानसशाची पिले केसांसकट, डोळे उघडे ठेवून जन्मतात; पाळीव सशाची उघडी, आंधळी, बिळात जन्मणारी. पाळीव सशाचे पूर्वज युरोपातले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे रानससा पकडून पाळणे हा गुन्हा आहे, तेव्हा हा लेख वाचून कोणी रानात फासे लावायला जाऊ नये. रानससा कोरड्या माळावर, झुडपाच्या आडोशाला एकटा राहतो; आज येथे तर उद्या तेथे. पाळीव ससा आपण जेथे ठेवू तेथेच, आपल्याच घाणीशेजारी बसून राहतो. ‘ससेहोलपट’ हा शब्द आपण चोहोबाजूंनी हाकललेल्या सशावरून केला. पण घरातल्या सशाचे हाल पळण्याने होत नाहीत, जागचे हलता येत नाही म्हणून होतात. शिवाय तो ओरडत नाही. दुखले तरी मुकाट कोपरा धरतो. निसर्गात अशक्तपणा दाखवणारा ससा शिकार होतो, म्हणून दुखणे लपवणे हा त्याचा धर्मच झाला आहे.

माशांचे पंचांग

आमच्या गावी माशांचेही एक पंचांग आहे. चैत्र-वैशाखात काजूची बोंडे आणि मग फणस सडू लागतात, तेव्हा पहिली फौज येते. मृगाचा पाऊस पडला की शेणखतातून, उकिरड्यातून दुसरी उठते आणि ऊन-पावसाच्या खेळात श्रावणभर टिकते. पाऊस ओसरला, ऑक्टोबरचा उन्हाळा तापला की तिसरी. म्हणजे नेमकी दिवाळीच्या तोंडावर. मासळी साफ केलेले पाणी परसात ओतले, माळ्यावर उंदीर मेला, कचऱ्याची बादली उघडी राहिली की तिथी-वार न पाहता चौथी! माळ्यावरच्या उंदराचा वास आपल्याला दोन दिवसांनी येतो; हिरव्या माशीला पहिल्याच दिवशी. ती कौलांच्या फटीतून आत येते आणि माजघरातला ससा तिला वाटेतच सापडतो. आजींच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे.

काय करावे

पहिली आणि सर्वांत मोठी गोष्ट फुकट आहे. सशाला रोज एकदा, आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ, हातात घेऊन मागचा भाग पाहणे. एका हाताने छातीला आणि दुसऱ्याने मागच्या पायांना नीट आधार द्यावा. ससा घाबरून झटकला तर त्याचा कणा मोडू शकतो. मांडीवर घेऊन पाहिले तर उत्तम. शेपटीखाली, जांघेत, हनुवटीखालच्या घडीत आणि असेल त्या जखमेपाशी बोटांनी केस फाकवून बघावे. माशीची अंडी पिवळट-पांढरी, रव्याच्या कणांसारखी, केसांच्या मुळाशी पुंजक्याने चिकटलेली असतात. एवढ्यावर सापडली तर लिखा काढायच्या बारीक फणीने ती निघतात आणि अरिष्ट टळते. मात्र कण दिसले म्हणजे फणी फिरवून झाल्यावरही डॉक्टरांना दाखवावेच. एखादा पुंजका नजरेतून सुटतोच.

दुसरी गोष्ट खाणे. सशाच्या आहारात सर्वांत मोठा वाटा गवताचा हवा. आपल्याकडे भाताचा पेंढा मुबलक. परंतु त्यात कस कमी, तो अंथरायला बरा. खायला चांगले वाळलेले, बुरशी नसलेले गवत द्यावे. पावसाळ्यातले कोवळे, ओले गवत एकदम भरपूर घातले तर पोट बिघडते. सावलीत सुकवून, थोडे थोडे वाढवत द्यावे.

तिसरी गोष्ट बिछाना. ओले झालेले अंथरूण रोज काढावे, आठवड्याला सगळे खोके धुऊन उन्हात किंवा चुलीच्या उबेला पूर्ण वाळवावे. तळाला तारेची जाळी नको, त्याने तळपायाला जखमा होतात आणि जखम म्हणजे पुन्हा माशी. खोक्याला चारी बाजूंनी आणि वरून मात्र मच्छरदाणीच्या कापडाची जाळी लावावी. कडेला फट राहू देऊ नये. रेदीने १६६८ साली बरणीला बांधले तेच हे कापड; साडेतीनशे वर्षांत त्याहून स्वस्त उपाय निघालेला नाही. पंखा लावला तर माशा वाऱ्याला कंटाळतात. पण आमच्याकडे पावसात वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून भरवसा जाळीचाच. माशा धरण्याचे आमिषाचे सापळे ठेवायचे तर सशापासून दूर, परसात ठेवावेत. त्याच्या शेजारी ठेवले तर आपणच माशांना पत्ता दिल्यासारखे होईल.

आता काय करू नये तेही सांगतो. सशाला आंघोळ घालू नये. तो भयाने गारठतो आणि त्याचे दाट केस लवकर वाळत नाहीत. मळले असेल तेवढेच कोमट पाण्याच्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे. गुरांच्या जखमेत किडे झाले की आपल्याकडे सीताफळाचा पाला, तंबाखू, फिनेल, डांबरगोळी, रॉकेल असे जे हाताला लागेल ते घालतात. सशाच्या अंगाला यातले काहीही लावू नये. तो अंग चाटतो आणि विष पोटात जाते. कुत्र्याच्या पिसवांवरचे फिप्रोनिल नावाचे औषध तर सशाला मारकच ठरते. घरातल्या माणसांसाठी आणलेले अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखे औषधही तोंडाने देऊ नये. त्याने सशाच्या आतड्यातले उपकारक जंतू मरतात आणि ससाही दगावतो.

आणि वळवळ दिसलीच तर? वेळ दवडू नये. वरवर दिसतील ते किडे चिमट्याने काढावेत, पाण्यात बुडवू नये, कोरड्या उबदार टॉवेलात गुंडाळून तडक जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावे. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नये. किड्यांच्या स्रावाने ससा आतून ढासळतो. वेदनाशामक, सलाईन, किडे मारणारे औषध हे सारे डॉक्टरच्याच हातचे आहे. खाणे सोडणे, दात करकर वाजवणे, अंग चोरून बसणे आणि दुर्गंध यांतले एक चिन्ह दिसले तरी उलटा करून पाहावे. वेळेवर नेलेले ससे जगतात.

मोठे जग आणि लहान गोठा

हा केवळ सशाच्या लाडाचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. अमेरिका खंडात जिवंत जखमेत अंडी घालणाऱ्या अशाच एका माशीने गुरांचे कळपच्या कळप पोखरले. निप्लिंग आणि बुशलंड या दोन शास्त्रज्ञांनी तिच्यावर अफलातून तोड काढली. या माशीची मादी बहुधा आयुष्यात एकदाच नराशी संग करते. तेव्हा किरणांनी वांझ केलेले नर मोठ्या संख्येने सोडले तर तिची अंडी फुकट जातील. १९५४ साली क्युरासाव बेटावर हा प्रयोग यशस्वी झाला, आणि पुढे फ्लॉरिडा व एकूण अमेरिकेतून ही माशी हटवली गेली. १९८८ मध्ये ती आफ्रिकेत लिबियात सापडली, तेव्हा मेक्सिकोतून विमानांनी वांझ माशा नेऊन तेथून तिचा नायनाट केला. तरीही २०२४ च्या नोव्हेंबरात ती मेक्सिकोत पुन्हा दिसलीच. विमाने, कारखाने, किरणे एवढे सगळे करूनही शेवटी गुराख्याला रोज आपले जनावर तपासावेच लागते.

आपल्याकडची जखमेतली माशी तिचीच दूरची बहीण, आणि तिचे आवडते ठिकाण म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या वासराची ओली नाळ. यंदा भाद्रपदात आजींची गाय व्याली. आजी रोज तिन्हीसांजेला बॅटरी घेऊन गोठ्यात जात आणि वासराला आडवे धरून बेंबी बघत. तिसऱ्या दिवशी त्यांना तेथे रव्यासारखे कण दिसले. पुसून काढले, दवाखान्यातून औषध आणून लावले. वासरू आज उड्या मारीत आहे. मी कौतुक केले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, “किडे दिसूच्या आदी बघूक व्हया, सरांनू.”

व्याकरणाचे माझे सारे चिंतन त्या एका वाक्यात आले.

आता दिवाळी आली आहे. घरोघरी फराळाचे डबे भरतील, मुले चकलीचा तुकडा, करंजीचे सारण सशापुढे धरतील. त्यांना प्रेमाने आवरावे. त्याच्या पोटाला फराळ मानवत नाही, आणि पोट बिघडले की पुढची हकिगत वर सांगितलीच आहे. फटाक्यांच्या दिवसांत खोके आतल्या खोलीत न्यावे, कारण भीतीनेही सशाचे खाणे तुटते. साफसफाईत माळाही झाडून घ्यावा. आणि नरकचतुर्दशीला पहाटे सगळ्यांना उटणे लावून झाले की मुलांच्या हाती एक बॅटरी द्यावी व सशाची शेपूट वर करून पाहायला शिकवावे. दोन मिनिटांचे काम आहे. रोज केले तर आठ-दहा वर्षे ससा घरात सुखाने नांदतो.